चिरूचे हात

ओसाकाच्या खाडीकाठी, लाकडाच्या तळ्यामागच्या गल्लीत राहायला येऊन गोझेईला काही वर्षं झाली होती, तरी तिचे हात कुणी पाहिले नव्हते. मनगटापासून नखांपर्यंत ती काळ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळत असे. तळ्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांची साल काढायचं तिचं काम. तिथं सगळ्याच बायका हाताला काही ना काही बांधत, त्यामुळं कामावर कुणाला नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते नळावर. तांदूळ धुतानाही तिच्या पट्ट्या सुटत नसत.

"भाजलंय लहानपणी," गोझेई सांगे. "बघवणार नाही तुम्हाला."

गल्लीच्या न्हाणीघरात ती कधी गेली नाही. घरीच फडक्यानं अंग पुसून घेई. बायका आपसांत म्हणत, या दक्षिणेकडच्या रयुक्यू बेटांवरच्या लोकांना पाण्याचं वावडंच असतं. तिचा नवरा फिलिपिन्सला तागाच्या मळ्यात कामाला गेला होता आणि तिथल्याच मातीत गेला. मागं राहिली एक मुलगी, चिरू. पंधराची, उंच, आईपेक्षा चारपट बोलकी. ओसाकाची बोली तिनं अशी उचलली होती की दुकानदार तिला कुठली म्हणून विचारतही नसत.

एके दिवशी सकाळी गोझेईच्या पायाखालचा ओंडका फिरला. ती पाण्यात गेली आणि वरचे ओंडके पुन्हा जुळून आले. काठावरचे पुरुष ओरडत राहिले. उडी मारली ती मानसूच्या आईनं. ही गोझेईच्या भिंतीपलीकडची शेजारीण, कोरियातल्या जेजू बेटावरची. लग्नाआधी समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढायची. ओंडक्यांच्या खालून तिनं गोझेईला केसांना धरून ओढत आणलं आणि येन न्हाव्याच्या दुकानापुढच्या फळीवर आडवं घातलं. मग हात चोळून ऊब द्यावी म्हणून तिनं ओल्या पट्ट्या सोडल्या.

जमलेली माणसं पुढं सरकली.

दोन्ही हातांच्या पाठी निळ्याकाळ्या गोंदणानं भरलेल्या होत्या. मनगटाच्या हाडावर मोठा गोल, पुढं चौकटी, आणि प्रत्येक बोटावर नखाकडं तोंड करून बाणाचं टोक.

"इरेझुमी!" घरमालकीण ओरडली. "अगं, कुठल्या तुरुंगातून सुटून आलीस तू? मी माझी खोली चोराला दिली की काय!"

तिचंही खरं होतं. तिच्या आजोबांच्या काळी चोराच्या दंडावर शाईचे पट्टे ओढायचे, त्याला हाच शब्द होता.

येन न्हावी वस्तरा हातात तसाच धरून बाहेर आला. आत गिऱ्हाइकाचा एक गाल फेसात होता. येन चीनमधल्या फूचौकडचा. "आमच्याकडं त्सिचिंग म्हणतात," तो वाकून बघत म्हणाला. "टोचून काढलेलं निळं. राजांच्या वेळेला कैद्याच्या कपाळावर काढायचे. आता खलाशी काढतात. पण बाईच्या हातावर? असलं रेखीव काम मी बघितलं नाही हो."

"येन! माझा दुसरा गाल!" आतून गिऱ्हाईक ओरडलं.

"पळून जात नाही तुझा गाल."

मानसूच्या आईनं हात सोडले नव्हते. "आम्ही मुनशिन म्हणतो," ती म्हणाली. "आमच्या गावात बाईनं असलं काही करून घेतलं तर तिला विहिरीवर येऊ देत नाहीत." मग तेच हात चोळत ती म्हणाली, "पण हिला मी आत्ताच पाण्यातून काढलीय. परत कुठं टाकत बसू?"

लोक हसले. दात वाजत असतानाच गोझेई बोलली. "हाजिची. त्याला हाजिची म्हणतात. ती काढल्याशिवाय आमच्याकडं पोरीला बाई म्हणत नाहीत."

प्रत्येकाकडं त्या गोष्टीला शब्द होता आणि प्रत्येकाच्या शब्दात कुणीतरी बदनाम माणूस लपलेला होता. एकट्या गोझेईच्या शब्दात कुणी नव्हतं. पण तिचा शब्द तिथं कुणाला कळत नव्हता.

चिरू पाण्याची बादली घेऊन मागं उभी होती. ती पुढं आली नाही.

घरी आल्यावर चिरू म्हणाली, "बोललीस कशाला? भाजलंय म्हणायचं होतंस."

"सगळ्यांनी पाहिलं गं."

"पाहिलं तर पाहिलं. नाव कशाला सांगितलंस? आता मी इथं कोण झाले, ठाऊक आहे? काळ्या हाताच्या बाईची पोर."

पंधरवड्यात ती सूतगिरणीत लागली. गिरणीच्या भरतीवाल्याला तिनं आपण कागोशिमाची, म्हणजे खुद्द जपानची असल्याचं सांगितलं, कारण रयुक्यूच्या पोरी आणि कोरियन पोरी तिथं घेत नव्हते. राहायचं गिरणीच्याच आवारात. निघताना तिनं आईचे दोन्ही हात पट्ट्यांवरूनच धरले. "फाटकाशी येऊ नकोस. माझी शपथ आहे तुला. सुट्टी मिळाली की मीच येईन."

चिरूच्या हातांवर काहीच नव्हतं. स्वच्छ, गोरे, जरा खरखरीत हात. ती सात वर्षांची असताना गावात सुयांची जुडी घेऊन एक म्हातारी आली होती. गूळ मिळेल म्हणून चिरूनंच हात पुढं केले होते. सरकारनं गोंदणावर बंदी घातली होती, शेजारच्या गावात पोलीस एका आईला घेऊन गेले होते. गोझेईनं पोरीचे हात मागं ओढले होते. पोरगी शाळेत जाईल, मोठ्या शहरात जाईल, तिला कुणी नावं ठेवायला नकोत. त्या वेळी ते शहाणपणच होतं.

चिरू तीनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला खोकत होती. "सुताचा कचरा जातो नाकात," म्हणाली. चौथ्या खेपेला गिरणीचा माणूस आला, पांढऱ्या कापडात बांधलेली चौकोनी पेटी घेऊन.

तो बिचारा भला होता. उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला. "छातीचा आजार होता. साथ पसरू नये म्हणून तिथंच अग्नी दिला. कागोशिमाला कळवायला गेलो तर तिथं कुणी नाहीच. एका मैत्रिणीनं हा पत्ता सांगितला, म्हणून उशीर झाला."

गोझेईनं पेटी घेतली. तो गेल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो शेजारणीला. "मानसूची आई, यात हात कुठं असतील गं?"

मानसूच्या आईला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. पण गोझेई शुद्धीत होती. तिच्या गावात कोवळी पोर बिनहाजिचीची गेली तर शवपेटीत ठेवण्याआधी बायका तिच्या हातांवर शाईनं सगळी नक्षी काढत. आपल्या चुलतबहिणीचे हात असे रंगवताना गोझेईनं लहानपणी पाहिले होते. पितर हात बघून ओळखतात, आईनं तेव्हा सांगितलं होतं. ज्या हातांवर काही नाही, ते कुणाचेच नसतात. त्यांना पलीकडं, मेलेल्यांच्या जगात, बांबूची मुळं उकरायला बसवतात. नखं झिजली तरी उठू देत नाहीत.

चिरूला रंगवायला हातच उरले नव्हते.

आठवडाभरानं आवाज सुरू झाला.

भर दुपारची वेळ होती. गोझेई रताळी सोलत होती. खोलीच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या खाली, कुणीतरी खरवडलं. खर्र, खर्र. मग थांबलं. मग पुन्हा. उंदीर घाईत खरवडतो. हे घाईतलं नव्हतं. दिवस मोठा आहे आणि काम संपणारं नाही हे ठाऊक असलेलं माणूस खरवडतं, तसं ते चाललं होतं.

मानसूच्या आईनं भिंत ठोकली. "चिरूची आई, काय करतेयस? भांडी घासतेस का?"

"तुला ऐकू येतंय?"

ती लगेच इकडं आली. दोघी बसून ऐकत राहिल्या. मानसूच्या आईनं सरळ येन न्हाव्याला हाक मारली आणि त्यानं सळईनं कोपऱ्यातल्या दोन फळ्या उचलल्या. खाली जमीन होती आणि जमीन उकरलेली होती. मांजर उकरतं तशी नाही. चार-चार चर शेजारी शेजारी ओढलेले, बोटांच्या रुंदीचे. तळाशी एक पांढरं, गाठीगाठीचं मूळ उघडं पडलं होतं.

येननं ते तोडून उजेडात धरलं. "बांबू आहे," तो म्हणाला. "इथं? या खारट चिखलात गवतसुद्धा धरत नाही." त्यानं मूळ घाईघाईनं खाली ठेवलं, बाहेर जाऊन नळावर हात धुतले आणि परत आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "फळ्या बसवून घ्या हो तुम्ही दोघी."

त्याच संध्याकाळी गोझेईनं पेटी उघडली. राखेत हाडांचे तुकडे होते, बहुतेक कसले ते कळत नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढी काही निघाली, ती बोटांची असावीत असं तिनं धरलं. शाई उगाळली आणि बारीक कुंचल्यानं एकेका तुकड्यावर बाणाचं टोक काढलं. शाई वाळूत पाणी जावं तशी आत गेली आणि हाड पांढरंच राहिलं. पुन्हा काढलं, पुन्हा पांढरं. उजाडता उजाडता फळ्यांखाली आवाज सुरू झाला आणि त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

मानसूच्या आईनं उपाय सांगितला तो तिच्या आत्यावरून. आत्याच्या दंडावर एक निळा ठिपका होता. मरेपर्यंत ती तो बाहीखाली झाकून ठेवायची.

"तिचं एकावर मन होतं, तो होडीवर गेला," मानसूची आई म्हणाली. "जाण्याआधी दोघांनी दंड एकमेकांना चिकटवून एकाच सुईनं ठिपका टोचला. त्याला आमच्याकडं यॉन्बी म्हणतात, जोडलेले दंड. एक ठिपका, दोन माणसं. एकाच्या अंगावर आहे म्हणजे दुसऱ्याच्याही आहे. तो बुडाला. आत्या म्हणायची, मी हा काढून टाकला असता तर त्याला कुणी ओळखलं नसतं."

"तू तर म्हणालीस, असल्या बायकांना विहिरीवर येऊ देत नाहीत."

"नव्हतेच देत. मीच तिचं पाणी भरायचे." तिनं गोझेईचा हात उलटा केला. "पाठी तुझ्या स्वतःच्या. भरलेल्या आहेत. पण इकडची बाजू मोकळी आहे की, ती पोरीची. हात जोडलेस की तुझी पोर आत."

मानसूच्या आईनं जन्मात गोंदलं नव्हतं, पण जाळी विणणाऱ्या बाईची बोटं होती. येननं कुरकुरत शाई आणि दोऱ्यानं बांधलेल्या सुया दिल्या. "पोलिसानं विचारलं तर मी चिनी आहे, मला जपानी येत नाही," म्हणाला. घरमालकीण देवळात गेली होती, त्या वेळी त्या दोघी बसल्या. तळहाताच्या कातडीला टोचणं म्हणजे निव्वळ आग. गोझेईनं दातांत फडकं धरलं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला गोल झाला, मग चौकटी.

बोटांपाशी आल्यावर तिनं हात मागं घेतला. "आज इतकंच."

त्या दिवसापासून आवाज कमी झाला. पूर्ण गेला नाही. दुपारी, काम नसेल तेव्हा, एखादं खर्र येई, मग बराच वेळ काही नाही. गोझेई कामावरून लवकर परत येऊ लागली. कोपऱ्यातल्या फळ्यांवर बसून रताळी सोलायची आणि बोलायची. आज तळ्यावर मुकादम घसरून पडला. येनच्या दुकानात नवा आरसा आलाय, त्यात सगळ्यांची तोंडं लांब दिसतात. ती बोलायला लागली की खालचा आवाज थांबे. ती गप्प झाली की जरा वेळानं पुन्हा येई, पुढं काय झालं असं विचारल्यासारखा. चिरू गिरणीत असताना मायलेकी इतक्या कधी बोलल्या नव्हत्या. गोझेईच्या गालांवर रंग चढला. एकदा तर ती हसली, तेही मोठ्यानं, आणि भिंतीपलीकडं मानसूच्या आईच्या हातातली पळी थांबली.

ती उठून इकडं आली आणि न विचारता तिनं गोझेईचा हात धरून उलटसुलट बघितला. बोटांच्या पाठींवर बाणांची टोकं होती. बोटांची तळव्याकडची बाजू कोरी.

"ही कधी काढायची?"

"काढू. जखम भरू दे."

"जखम कधीच भरलीय." मानसूच्या आईनं आवाज खाली आणला. "चिरूची आई, ही टोकं कशाची असतात?"

गोझेईनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "बाणाची. सुटलेला बाण परत येत नाही, तशी लग्न झालेली पोर माहेरी परत येऊ नये म्हणून. तिच्या घरी तिचं नीट व्हावं म्हणून."

"म्हणजे ही काढली की ती जाईल."

"हो."

"आणि नाही काढली तर?"

खाली एक खर्र झालं. हलकं, दमलेलं. दोघींनी फळ्यांकडं पाहिलं.

"तू तिला बसवून ठेवलंयस," मानसूची आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "तुला तिचा आवाज ऐकू येतो. तिला काय ऐकू येतं, तिच्या नखांचं काय झालंय, ते बघ ना."

गोझेई उठली. सळई तिला जड गेली, पण तिनं एकटीनं फळी उचलली. चर आता कोपरभर खोल गेले होते. मातीत मुळं जाळ्यासारखी पसरली होती. आणि चरांच्या कडांना पांढरट काहीतरी लागलं होतं, घासून घासून झिजलेल्या खडूच्या भुकटीसारखं. तिनं बोटावर घेऊन पाहिलं. ते काय आहे ते तिला पेटी न उघडताच कळलं.

तिनं फळी परत बसवली आणि मानसूच्या आईपुढं दोन्ही तळहात ठेवले. या वेळी तिनं दातांत फडकंही धरलं नाही. एकेका बोटावर टोक उमटत गेलं, बोटाच्या मुळापासून टोकाकडं, घरापासून बाहेर. शेवटचं करंगळीवरचं झालं, त्या क्षणी खाली काहीतरी थांबलं. आवाज तर आधीच नव्हता. थांबलं ते त्याच्याही मागं असलेलं काहीतरी, श्वासासारखं.

त्यानंतरची शांतता गोझेईनं कशी काढली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ती रोज कामावर गेली. हातांच्या पट्ट्या तिनं सोडून दिल्या होत्या, आता रोज गुंडाळायची कटकट कोण करणार. घरमालकीण पहिले काही दिवस तोंड फिरवून गेली, मग भाडं घ्यायला आली तेव्हा तळहाताकडं बघून म्हणाली, "हे नवीन?" गोझेई म्हणाली, "माझ्या मुलीचे आहेत." त्या महिन्यापासून घरमालकीण भाड्याचे पैसे हातात न घेता दारातल्या फळीवर ठेवायला सांगू लागली.

तळहात शाई धरत नाही, हे त्या दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथली कातडी झिजते, निघून जाते, नवी येते. ओंडक्यांच्या साली सोलणाऱ्या बाईची तर आणखी लवकर. आधी बोटांवरची बाणांची टोकं गेली. मग चौकटी पुसट झाल्या. पानगळ संपत आली तेव्हा तिच्या हातात शेवाळासारखी एक सावली उरली होती, आणि एका दुपारी कोपऱ्यातल्या फळीखाली खर्र झालं.

मानसूच्या आईनं ते भिंतीपलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती सुया घेऊन आली. त्यांनी सगळं पुन्हा टोचलं. पुढच्या वर्षी पुन्हा. पुढं मानसूला गोदीत काम लागलं आणि घर बदललं, तरी ती दूरच्या वस्तीतून चालत यायची. येनचे केस पांढरे झाले. तो आता दारात उभा न राहता आत बसून शाई उगाळून द्यायचा आणि तिन्ही भाषांतले शब्द एकमेकांत मिसळून दोघींना शिव्या द्यायचा. कुणी विचारलं, की ही काय भानगड आहे, तर तो हाजिची म्हणायचा. इतर शब्द त्यानं कधीच टाकून दिले होते.

फक्त एक गोष्ट गोझेईनं त्या दोघांनाही सांगितली नाही. आवाज सुरू झाला की त्याच दिवशी ती निरोप धाडत नसे. तो एक दिवस ती स्वतःकडं ठेवी. कामाला दांडी मारी, रताळी उकडी, कोपऱ्यातल्या फळीवर बसे आणि हात असलेली पोर समोर बसल्यासारखी वर्षभराचं सगळं सांगे. सांगताना तळहात फळीवर उपडे टेकलेले असत. खालून कधी कधी, अगदी त्याच जागी, काहीतरी वर टेके. थंड, हलकं. बोटाला बोट लावून मोजावं तसं एक, मग दुसरं. पाचही टेकून होईपर्यंत ती हात काढत नसे.

मग ती म्हणे, "बास गं आता. उद्या बोलावते मी मानसूच्या आईला," आणि उठून दिवा लावी.